पहिला मान घरच्या बेडकाला

महाराष्ट्रातल्या बेडूकप्रेमींना त्यांचा आवडता वृक्षबेडूक विचारला, तर बहुतेकांच्या तोंडी एकच नाव येते: मलबारचा उडणारा बेडूक. हेच नाव का, ते कळायला भर पावसात एकदा आंबोलीला जावे. एखाद्या डबक्यावर झुकलेल्या फांदीवर पानाच्याच रंगाचा हिरवा बेडूक अंग आवळून बसलेला असतो. तो हलला की बोटांमधले केशरी-लाल पडदे उघडतात आणि पाहणाऱ्याची नजर तिथेच खिळते. टी. सी. जर्डन यांनी १८७० मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले. उंचावरून झेप घेताना तो चारही पंजे फाकवतो, पडदे ताणले जातात आणि नऊ-दहा मीटरपर्यंतचे अंतर तो हवेवर तरंगत कापतो. त्याच्याच गोतातला बोर्निओचा बेडूक आल्फ्रेड रसेल वॉलेस यांना १८५५ मध्ये सारावाकमध्ये एका चिनी मजुराने आणून दिला होता. १८६९ साली निघालेल्या 'द मलाय आर्किपेलागो' या त्यांच्या ग्रंथातल्या चित्राने उडणारा बेडूक जगभर पोचवला. तेव्हापासून वृक्षबेडूक म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे असाच एखादा रंगीत, झेपावणारा प्राणी येतो.

या पुस्तिकेत पहिला मान मात्र दुसऱ्याला दिला आहे. तो हिरवा नाही, उडत नाही आणि त्याला पाहायला घाट चढावा लागत नाही. पेण किंवा रोह्याच्या कुठल्याही जुन्या घरात पाऊस लागला की तो न्हाणीघराच्या भिंतीवर, पाण्याच्या पिंपाच्या कडेला, देवळीत, नाहीतर पडवीत टांगलेल्या छत्रीच्या घडीत बसलेला सापडतो. अभ्यासक त्याला भारतीय वृक्षबेडूक म्हणतात. त्याचे शास्त्रीय नाव पॉलिपेडेटिस मॅक्युलेटस. जॉन एडवर्ड ग्रे यांनी १८३० मध्ये त्याची नोंद केली. जवळजवळ दोनशे वर्षे शास्त्राला माहीत असलेला आणि त्याहून कितीतरी आधीपासून आपल्या घरात राहणारा हा बेडूक 'आवडते कोण?' या प्रश्नाच्या उत्तरात क्वचितच येतो.

तो यावा असे मला मनापासून वाटते आणि या लेखनामागचे कारणही तेच आहे. ज्याचे सबंध वर्ष आपल्याला ठाऊक असते त्याच्यावरच आपला खरा जीव जडतो. आंबोलीत दोन रात्री काढून उडणाऱ्या बेडकाचा सुंदर फोटो मिळतो. पण तो उन्हाळ्यात कुठे असतो, अंडी कधी घालतो, पिल्ले कधी पाण्याबाहेर येतात, हे दोन रात्रींत कळत नाही. घरच्या बेडकाचे हे सगळे दारात उभे राहून पाहता येते. आणि ज्याची गरज कळली, त्याच्यासाठी काय राखायचे तेही कळते.

पेण आणि रोहा या दोन तालुक्यांची जमीन या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. पेणच्या पश्चिमेला धरमतरची खाडी आणि खारेपाट. बांध घालून समुद्राकडून मिळवलेली ती जमीन. पूर्वेला सह्याद्रीच्या सोंडा, त्यांच्या पायथ्याशी कातकरी आणि ठाकूर वाड्या, मधे भोगावतीचे खोरे. रोह्याकडे कुंडलिका, अवचितगड आणि घोसाळगडाचे डोंगर, पश्चिमेला मुरूड आणि रोहा तालुक्यांत पसरलेले फणसाडचे जंगल, ज्याला १९८६ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. पाऊस दोन्हीकडे साधारण तीन हजार मिलिमीटर आणि तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. बेडकाची कातडी पाणी आत-बाहेर जाऊ देते, त्यामुळे खारे पाणी बहुतेक बेडकांना मानवत नाही. म्हणून खारेपाटात बांधाच्या समुद्राकडच्या अंगाला रात्र शांत असते, तर आतल्या बाजूला गोड्या पाण्याचे तळे आणि दोन-चार झाडे असली की तिथे आवाज सुरू झालेले असतात. हे अंतर कधीकधी एका बांधाच्या रुंदीएवढेच असते.

वृक्षबेडूक म्हणजे जंगलातला बेडूक, असा एक समज आहे. आपला हा बेडूक माणसाच्या वस्तीला चांगला रुळला आहे. केळीच्या पानाचा देठ खोडाला जिथे चिकटतो ती खोबण, नारळाची झावळी, कौलांखालचा वासा, विहिरीच्या चिऱ्यांमधली फट, नळाच्या पाइपाचे तोंड ही त्याची दिवसाची बसायची ठिकाणे. रात्री दिव्याभोवती किडे जमले की तो त्यांच्यामागे घरात येतो. पेणच्या गणपतींच्या कारखान्यांत ऐन हंगामात रात्री उशिरापर्यंत दिवे जळतात, ओली माती आणि पाण्याच्या बादल्या असतात. अशा जागी भिंतीवर एखादा बेडूक चिकटलेला दिसला, तर तो तिथे का आला हे सांगावे लागत नाही.

आता त्याला जवळून पाहू. नर पाच-सहा सेंटिमीटरचा, मादी त्याहून बरीच मोठी, सात-आठ सेंटिमीटरपर्यंत. पाठ गुळगुळीत, रंग मातकट, बदामी, कधी राखेसारखा फिका. हा रंग एकाच बेडकाच्या अंगावर दिवसातून बदलतो: उजेडात कोरड्या भिंतीवर बसला की फिकट, रात्री ओल्या झाडावर गेला की गडद. डोळे मोठे, बाहेर आलेले, बुबुळाभोवती सोनेरी कडे आणि बाहुली आडवी. बोटांच्या टोकांना गोल चकत्या. भिंगातून पाहिले तर या चकतीचा पृष्ठभाग षट्कोनी पेशींच्या फरशीसारखा दिसतो. पेशींच्या मधल्या बारीक खाचांतून चिकट द्राव पसरतो आणि त्या पातळ ओल्या थरावर बेडूक काचेलाही धरून राहतो. तो बसलेला असताना त्याची मुख्य खूण झाकलेली राहते. झेप घेताना मांडी उघडली की मांडीच्या मागच्या बाजूला काळपट जाळीत गोल पिवळे ठिपके दिसतात. ठिपके दिसले की ओळख पक्की.

दिवसभर कोरड्या सिमेंटच्या भिंतीवर तो कसा टिकतो, हा प्रश्न कुणालाही पडावा. बेडकाचे अंग सुकले की त्याचा श्वास अडतो, कारण तो कातडीनेही श्वास घेतो. याचे उत्तर त्याच्या एका सवयीत आहे. तो आपले अंग पुसतो. कातडीतल्या ग्रंथींमधून स्निग्ध पदार्थ मिसळलेला द्राव बाहेर येतो आणि बेडूक पुढच्या पायांनी डोके-डोळे, मागच्या पायांनी पाठ-कुशी अशी एकेक जागा पुसत तो द्राव सगळ्या अंगावर पसरवतो. मग पाय पोटाखाली घेतो, हनुवटी भिंतीला टेकवतो, डोळे आत ओढून घेतो आणि निश्चल होतो. या थरामुळे अंगातले पाणी उडून जाण्याचा वेग कमी होतो. भारतीय आणि अमेरिकन संशोधकांनी मिळून याच जातीवर केलेला याविषयीचा अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्या भिंतीवर जो 'नुसता बसलेला' दिसतो, त्याने बसण्यापूर्वी एवढी तयारी केलेली असते. पहाटेच्या सुमारास धीराने थांबणाऱ्याला ही पुसापुशी दिसू शकते.

त्याच्या वर्षातला सगळ्यात भरगच्च काळ मृगाच्या पावसाने सुरू होतो. चार-दोन चांगल्या सरी झाल्या, डबकी भरली, की नर पाण्याजवळच्या झुडपावर किंवा हौदाच्या कठड्यावर येऊन बसतात आणि बोलू लागतात. शेतातल्या बेडकांच्या डरावपेक्षा हा आवाज अगदी वेगळा. कोरड्या लाकडावर लाकूड आपटावे तसा टक्, टक्, टक्. थोडा वेळ थांबून पुन्हा टक्, टक्. तो ऐकून मादी येते, नर तिच्या पाठीवर चढतो आणि ती त्याला घेऊन पाण्यावर झुकलेले एखादे पान, फांदी, विहिरीची भिंत किंवा हौदाची आतली बाजू शोधते. पाण्यापासून उंच, पण थेट पाण्याच्या वर अशी ती जागा असावी लागते.

मग घरटे बांधणे सुरू होते. मादी एक दाट, चिकट द्राव सोडते आणि मागच्या पायांनी तो घुसळू लागते. पाय आत-बाहेर, आत-बाहेर, एका लयीत, मधे विसावा घेत. द्रावात हवा कोंडते आणि पांढरा फेस फुगत जातो. त्याच फेसात ती शेकडो अंडी सोडते, नर ती फळवतो आणि घुसळणे चालूच राहते. पहाटेपर्यंत मुठीएवढा किंवा त्याहून मोठा फेसाचा गोळा भिंतीला चिकटलेला असतो. दिवस वर आला की त्याचा बाहेरचा थर सुकून पापुद्र्यासारखा होतो, पिवळसर-तपकिरी दिसू लागतो. आत मात्र ओल टिकते. अंड्यांना ऊन लागत नाही, मुंग्या सहज आत शिरत नाहीत आणि पाण्यातल्या शत्रूंच्या तर ती आवाक्याबाहेरच असतात. चार-पाच दिवसांत अंड्यांतून बेडूकमासे निघतात, फेस खालून पातळ होऊ लागतो आणि एखाद्या सरीबरोबर ते टपाटप पाण्यात पडतात. पुढे सुमारे दोन महिने पाण्यात. आधी मागचे पाय फुटतात, मग पुढचे, शेपूट आटते आणि गणपतीच्या सुमारास नखाएवढी पिल्ले कठड्यावर चढू लागतात.

रोह्यात एका जुन्या हौदाच्या आतल्या अंगाला असे घरटे मी पहिल्या रात्रीपासून शेवटच्या बेडूकमाशापर्यंत पाहिले आहे. त्यातली एक गोष्ट विसरता येत नाही. फेसाखालचे पाणी दोन दिवसांच्या उघडिपीने बरेच खाली गेले होते आणि घरटे कोरड्या सिमेंटवर लोंबकळत राहिले होते. फेस विरघळायला पाऊस हवा आणि पावसाचा पत्ता नव्हता. आतले बेडूकमासे त्या ओलीत वळवळत थांबून राहिले. पाऊस आला, हौद भरला आणि मगच ते उतरले. पाऊस लांबला तर थोडा काळ थांबण्याची सोय या घरट्यात आहे. फार लांबला तर मात्र ते तिथेच सुकतात. आपला शेतकरी पावसाच्या ज्या खंडाने धास्तावतो, त्याच खंडावर या बेडकाच्या एका पिढीचेही भवितव्य असते.

पाण्याची त्याची निवडही समजून घेण्यासारखी आहे. मुळशी धरणाचे पाणी १९२७ पासून भिऱ्याच्या वीजकेंद्रातून खाली येते, त्यामुळे कुंडलिकेला उन्हाळ्यातही पाणी असते. कोलाडला त्याच पाण्यावर राफ्टिंग चालते. पण बारमाही वाहती नदी या बेडकाच्या कामाची नाही. वाहत्या पाण्यात त्याचे बेडूकमासे टिकत नाहीत आणि बारमाही पाण्यात मासे असतात. मासे बेडूकमासे खातात. त्याला हवे असते ते पावसाने भरणारे, जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत आटून जाणारे, म्हणूनच माशांशिवायचे डबके: खाणीचा खड्डा, आमराईतला चर, वीटभट्टीची खोदाई, गावाबाहेरचे तळे. आपण ज्याला 'रिकामी, पाणी साचणारी जागा' म्हणतो आणि भराव टाकायला आधी निवडतो, नेमकी तीच त्याची पाळण्याची जागा.

या बेडकाचे काही सोयरे सह्याद्रीच्या अंगाला राहतात आणि त्यांची ओळख करून दिल्याशिवाय वृक्षबेडकांची गोष्ट पुरी होत नाही. ते झुडपी बेडूक. अंगठ्याच्या पेराएवढे, करवंदीच्या जाळीत किंवा कारवीच्या पानावर बसून टिकटिक करणारे. आवाज कानाशी येतो आणि बेडूक सापडत नाही, असा अनुभव यांच्या बाबतीत नेहमीचा. त्यांना डबके लागतच नाही. अंड्याच्या आतच बेडूकमाशाची सगळी अवस्था उरकते आणि पानाखालून किंवा ओल्या पाचोळ्यातून थेट चिमुकला बेडूक बाहेर पडतो. त्यांच्यातला 'बॉम्बे' नावाचा झुडपी बेडूक नेल्सन अॅनंडेल यांनी १९१९ मध्ये कॅसलरॉकच्या नमुन्यांवरून वर्णिला. २०१० मध्ये अशा अनेक जातींसाठी राऑर्केस्टिस ही नवी प्रजाती मांडली गेली आणि तिला सी. आर. नारायण राव यांचे नाव दिले गेले. राव हे दक्षिणेतल्या बेडकांचे मोठे अभ्यासक आणि 'करंट सायन्स' या नियतकालिकाचे पहिले संपादक. त्यांच्या नावाची ही प्रजाती प्रसिद्ध झाली तीही त्याच नियतकालिकात. पुढे २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्या सह्याद्रीतून आणखी एका झुडपी बेडकाचे वर्णन आनंद पाध्ये, अमित सय्यद, अभिजीत जाधव आणि नीलेश डहाणूकर यांनी केले आणि त्याला पुण्याचे प्राणिशास्त्रज्ञ डॉ. हेमंत घाटे यांचे नाव दिले. मुंबई-पुण्याच्या इतक्या जवळच्या डोंगरांत एकविसाव्या शतकात नवा बेडूक सापडतो, हे ध्यानात ठेवावे. ज्या परिसरात सगळे पाहून झाले असे आपण धरून चालतो, तिथे पाहायचे अजून पुष्कळ आहे.

रायगड जिल्ह्याचे नाव बेडकांच्या अभ्यासात जुने आहे. लीथचा उडीमार बेडूक जॉर्ज बूलेंजर यांनी १८८८ मध्ये माथेरानच्या नमुन्यांवरून वर्णिला. पुढे मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात जे. सी. डॅनियल यांनी १९६३ पासून पश्चिम भारतातल्या उभयचरांची क्षेत्रओळख क्रमाने लिहिली आणि हौशी माणसाला प्रथमच हातात धरून फिरता येईल असे काही मिळाले. आज मोबाइलवर फोटो आणि आवाज टिपून नोंद करता येते. साधने सोपी झाली आहेत. उणीव आहे ती एकाच ठिकाणी वर्षानुवर्षे पाहत राहणाऱ्या माणसांची आणि ती गावातल्या माणसांइतकी चांगली दुसरे कुणी भरून काढू शकत नाही.

परदेशात बेडकांची हौस बहुतांशी काचेच्या पेटीतून चालते. ऑस्ट्रेलियाचा गुबगुबीत हिरवा व्हाइटचा वृक्षबेडूक आणि मध्य अमेरिकेचा लाल डोळ्यांचा वृक्षबेडूक हे तिथल्या हौशी मंडळींचे लाडके. पाळणारे त्यांच्यासाठी दमट हवा, दिवे, रातकिडे यांची काटेकोर व्यवस्था करतात. त्यातल्या अनेकांनी बेडकांच्या वागण्याविषयी मोलाची माहिती जमवली आहे, हे मोकळेपणाने मान्य करावे. पण या व्यापाराची दुसरी बाजू भयंकर निघाली. बेडकांच्या कातडीवर वाढणारी कायट्रिड नावाची बुरशी १९९९ मध्ये शास्त्राने नोंदवली. तिने जगभरात अनेक जातींचा ऱ्हास केला, काही कायमच्या संपवल्या. तिचा उगम पूर्व आशियात असून उभयचरांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारातून ती पसरली, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने दाखवले. उत्तर सह्याद्रीतल्या बेडकांवरही तिचा आशियाई प्रकार असल्याचे पुण्यातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये मांडले. एका ठिकाणचा बेडूक दुसऱ्या ठिकाणी नेणे म्हणजे नुसता बेडूक नेणे नव्हे.

आपल्याकडे पेटीची गरजच नाही. चार महिने बेडूक स्वतः घरी येतो, खातो, बोलतो, वीण करतो आणि जातो. म्हणून या पुस्तिकेतली हौस पाहण्याची, ऐकण्याची आणि टिपून ठेवण्याची आहे, पकडण्याची नाही. तिचे नियम थोडे आणि साधे आहेत. बेडकाला हाताळू नये. हाताला लागलेले मलम, डास पळवण्याचे औषध, साबण त्याच्या कातडीतून आत जाते. फेसाचे घरटे जागचे हलवू नये. फोटोसाठी फांदी वाकवू नये आणि डोळ्यांवर पुन्हा पुन्हा फ्लॅश मारू नये. एका गावच्या तळ्यातून दुसऱ्या गावच्या तळ्यात जाण्यापूर्वी बूट धुऊन पुरते वाळवावेत. बेडूकमासे 'वाचवून' दुसऱ्या पाण्यात सोडू नयेत.

घरातल्या माणसांशी या बेडकाचे नाते मात्र ताणलेले आहे आणि त्याविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. न्हाणीघरात बेडूक दिसला की अनेक घरांत मिठाची मूठ उचलली जाते. मिठाने त्याच्या अंगातले पाणी ओढले जाते, कातडी पोळते आणि तो तडफडून मरतो. याहून क्रूर वागणूक नकळत क्वचितच होत असेल. तो चावत नाही, त्याच्या स्पर्शाने चामखीळ येत नाही. त्याला हाताळले असेल तर डोळ्यांना हात लावण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत, एवढी काळजी पुरे. बेडकामागे साप घरात येतो, ही भीती मात्र बिनबुडाची नाही. दिवड आणि धामण बेडूक खातातच. त्यावर उपाय आहे. बाहेरचे दिवे रात्री बंद ठेवले की किडे कमी येतात, किडे नसले की बेडूक आत येत नाही. आलाच तर ओल्या फडक्यात किंवा मगात अलगद घेऊन परसातल्या केळीजवळ सोडावा. मिठाची मूठ उचलायला लागतो तेवढाच वेळ यालाही लागतो.

बेडकाला मान देणे आपल्या परंपरेला परके नाही. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातले १०३वे सूक्त बेडकांवर आहे. पहिल्या पावसात बोलू लागलेल्या बेडकांची तुलना तिथे पाठ म्हणणाऱ्यांशी केली आहे. आपल्या पंचांगात पावसाच्या प्रत्येक नक्षत्राला वाहन असते आणि वाहन बेडूक निघाले की घरातली वडीलधारी माणसे चांगल्या पावसाची आशा धरतात. देशावर अवर्षणात धोंडी निघते, तिच्यातही अनेक ठिकाणी बेडूक असतो. आपल्या पूर्वजांनी बेडूक आणि पाऊस यांची सांगड पक्की घातली होती. आजच्या भाषेत तीच सांगड अशी मांडता येईल: जिथे बेडूक आहे तिथे पाणी आणि हवा अजून जगण्याजोगी आहे.

शेतीच्या दृष्टीनेही हा हिशेब सरळ आहे. भारताने १९८७ मध्ये बेडकांच्या तंगड्यांची निर्यात बंद केली, तेव्हा शेतातले मोठे बेडूक किती किडे खातात हा मुद्दा ऐरणीवर होता. वृक्षबेडकाचे कामही त्याच जातीचे, फक्त तो झाडावर आणि भिंतीवर ते करतो. श्रीलंकेतल्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवले की तिथल्या वृक्षबेडकाच्या जातीसह काही बेडकांचे बेडूकमासे डेंग्यू पसरवणाऱ्या डासांची अंडी खातात. डासांसाठी घराजवळच्या भांड्यांतले, टायरांतले, कुंड्यांतले पाणी काढून टाकलेच पाहिजे. त्यात बेडकाचे काही जात नाही. पण गावाबाहेरच्या ज्या डबक्यात बेडूकमासे वळवळत आहेत त्यात जळके तेल ओतण्यापूर्वी किंवा गप्पी मासे सोडण्यापूर्वी एकदा वाकून पाहावे. गप्पी मासे डासांच्या अळ्या खातात, तसे नुकते उतरलेले बेडूकमासेही खातात.

बदल चहूकडून होत आहेत. कौले जाऊन स्लॅब आले, विहिरींवर जाळ्या आल्या, हौदांच्या जागी झाकणाच्या प्लास्टिक टाक्या आल्या. यातले बरेचसे माणसाच्या सोयीसाठी आणि आरोग्यासाठी योग्यच आहे आणि कुणी पुन्हा उघड्या हौदाचे पाणी प्यावे असे मी सुचवणार नाही. मुंबई-गोवा महामार्ग रुंद झाला आणि पेण-वडखळ-नागोठणे-कोलाड या पट्ट्यात पहिल्या पावसाच्या रात्री रस्ता ओलांडणारे बेडूक चाकांखाली येतात. प्लॉट पाडण्यासाठी खड्डे बुजवले जातात. २०२३ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या जागतिक आढाव्यात ८,०११ उभयचर जातींची तपासणी झाली आणि त्यांतल्या सुमारे ४१ टक्के जाती धोक्यात असल्याचे दिसले. आपला घरचा बेडूक त्या धोक्याच्या यादीत नाही. तो अजून मुबलक आहे आणि म्हणूनच त्याच्याकडे आत्ता पाहायला हवे. दुर्मिळ झाल्यावर अभयारण्ये काढावी लागतात; मुबलक असताना एखादे डबके न बुजवले तरी भागते.

पुढच्या पानांत वृक्षबेडकांची ओळख, त्यांचे आवाज, घरट्यांची लक्षणे आणि महिन्यानिहाय काय पाहावे याची माहिती दिली आहे. ती वाचून बाजूला ठेवण्यासाठी नाही. आपल्या घराजवळचे एक पाणी निवडा. रोहिणीपासून हस्तापर्यंत रात्री जेवणानंतर थोडा वेळ तिथे उभे राहा. पहिला आवाज कोणत्या तारखेला आला, घरटे कशावर होते, पाण्यापासून किती उंच होते, पाऊस कधी पडला, बेडूकमासे कधी उतरले, पहिले पिल्लू कधी दिसले, एवढे वहीत लिहा. पुढच्या वर्षी त्याच पाण्यावर पुन्हा लिहा. शाळेतल्या मुलांना बरोबर घ्या. ती आपल्याआधी घरटे शोधतात. उडणारा बेडूक पाहायला आंबोलीला जरूर जा, तो पाहण्यासारखाच आहे. पण जाताना आपल्या वहीतले एक वर्ष पुरे झालेले असू द्या. मग तिथल्या डबक्यावरच्या पानाला चिकटलेला पांढरा फेस दिसताच त्यात काय चालले आहे, खालच्या पाण्यात मासे असून का चालणार नाही आणि ते डबके राखले का पाहिजे, हे तुम्ही शेजारच्या माणसाला स्वतःच्या अनुभवाने सांगू शकाल. पेण आणि रोह्यातून असे सांगणारी माणसे तयार व्हावीत, एवढ्यासाठी हे लिहिले आहे.